ठाण्याहून रुवैसला : कागद, खसखस आणि गंधकाची मालगाडी

यजमानांना संयुक्त अरब अमिरातीत नोकरी लागली आहे असे सांगितले की ठाण्यातला समोरचा माणूस हमखास दुबईबद्दल बोलू लागतो. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत, माझ्या शाळेच्या शिक्षककक्षात आणि नातेवाइकांच्या प्रत्येक फोनवर मी तेच सांगत होते, की आम्ही रुवैसला जाणार आहोत, आणि रुवैस म्हणजे अबू धाबी शहराच्या पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवर, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला वाळवंट असलेले, तेलासाठीच वसवलेले छोटे गाव आहे. तरीही दुबईत राहून आलेल्यांचे सल्ले येतच राहिले. त्यातले बरेचसे आमच्या काही कामाचे नव्हते, कारण दुबईत ज्याची चिंता करावी लागते ते घर रुवैसमध्ये कंपनी देते, आणि दुबईत जे सहज निभावते ते, म्हणजे शाळेतला प्रवेश, बायकोची नोकरी, एखाद्या कागदाची राहून गेलेली मोहोर, त्यासाठी रुवैसहून थेट अबू धाबी गाठावे लागते. म्हणून ठाणे सोडण्यापूर्वीच सगळे कागद पुरे करायचे, असे आम्ही ठरवले.

रुवैसचा इतिहास फार जुना नाही. या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरणाचे संकुल उभारण्याची आखणी १९७० च्या दशकात झाली आणि १९८२ मध्ये अमिरातीचे तेव्हाचे अध्यक्ष शेख झायेद यांच्या हस्ते त्याचे रीतसर उद्घाटन झाले. आज तिथल्या शुद्धीकरण प्रकल्पाची क्षमता दिवसाला ८ लाख पिंपांहून अधिक आहे. कामगारांसाठी वसाहत, वसाहतीसाठी शाळा, रुग्णालय आणि बाजार, असा गावाचा विस्तार होत गेला. जवळच्या जबल धन्ना बंदरातून १९६३ पासून तेल परदेशी जाते. एवढी माहिती यजमानांच्या मुलाखतीपूर्वीच आम्ही वाचून काढली होती. राहायचे कसे, याची माहिती मात्र ऐरोलीच्या एका ताईंनी दिली, ज्या तिथे बरीच वर्षे राहत होत्या आणि ज्यांचे व्हॉट्सअॅपवरचे निरोप मी पुढे मार्गदर्शिकेसारखे जपून ठेवले.

यजमान आधी गेले, ऑगस्टमध्ये. तारीख ठरवताना आमच्या करसल्लागारांनी एक गोष्ट आवर्जून पाहिली. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचे त्या आर्थिक वर्षातले भारतातील वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी भरले, तर तो त्या वर्षी अनिवासी ठरतो आणि परदेशातल्या पगारावर इथे कर लागत नाही. म्हणजे सप्टेंबर संपण्यापूर्वी निघणे हिताचे. त्यांचे बचत खाते त्यानंतर एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या रुपयांतल्या, खात्यात बदलून घेतले, कारण अनिवासी झाल्यावर साधे निवासी खाते तसेच चालू ठेवणे परकीय चलनाच्या नियमांत बसत नाही. मी आणि चौथीतला आमचा मुलगा मार्चअखेरपर्यंत ठाण्यात राहणार होतो आणि कागदांची सगळी आघाडी माझ्याकडे होती.

अमिरात हेग कराराच्या यादीत नसल्यामुळे ओमान किंवा सौदी अरेबियाप्रमाणे अपॉस्टिलच्या, म्हणजे त्या करारातले देश एकमेकांचे कागद ज्यावर मान्य करतात त्या, एका शिक्क्यावर तिथले काम भागत नाही. प्रत्येक दस्तऐवजाला पायऱ्या चढाव्या लागतात. पदवी असेल तर आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य शासनाची, मग परराष्ट्र मंत्रालयाची, त्यानंतर अमिरातीच्या वकिलातीची, आणि सरतेशेवटी तिकडे पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याची. लग्नाचा आणि जन्माचा दाखला विद्यापीठात जात नाही, पण बाकीच्या पायऱ्या त्यालाही आहेतच. मधली पायरी गाळून पुढचा शिक्का मिळत नाही, आणि परराष्ट्र मंत्रालय हे कागद थेट अर्जदाराकडून घेत नाही, तर नेमून दिलेल्या एजन्सीमार्फतच घेते. ठाणे स्टेशनच्या परिसरात ‘अटेस्टेशन’च्या, म्हणजे साक्षांकनाच्या, पाट्या लावलेले पुष्कळ जण बसतात आणि त्यातला प्रत्येक जण आपण स्वतःच शिक्का मारणार असल्याच्या थाटात बोलतो. माझे मत असे, की एजंटाला पैसे द्यावेत, पण कोणता कागद कोणत्या पायरीवर आहे हे आपल्या वहीत लिहून ठेवावे आणि मूळ कागद देताना सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नये.

माझी बी.एस्सी. आणि बी.एड. ही दोन्ही प्रमाणपत्रे माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. आपल्याकडे बायकांच्या कागदांत हे इतके सर्रास आहे की इथे कोणी भुवईही उंचावत नाही. परदेशातल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या दोन वेगळ्या स्त्रिया असतात. त्या दोघींना जोडणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. त्यात लग्नाआधीचे पूर्ण नाव नोंदलेले असल्यामुळे माझे काम त्यावर भागले. आमच्या ओळखीच्या एका बाईंचे लग्नात पहिले नावही बदललेले होते, तेव्हा त्यांना महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागला. तिथे शिकवायचे होते म्हणून मला पोलिसांच्या ना-हरकत दाखल्याचीही गरज होती. तो वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट सेवा केंद्रातून, ५०० रुपये शुल्क भरून मिळाला आणि तोही साक्षांकनाच्या त्याच जिन्याने वर चढला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो मुलाच्या जन्मदाखल्यात. ज्या रुग्णालयात तो जन्मला तिथून नोंद पाठवताना माझ्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर गळले होते. शाळेच्या प्रवेशाला, आधारला, त्याच्या पासपोर्टलाही तो दाखला चालला होता. ऐरोलीच्या ताईंनी फोटो पाहून लगेच कळवले, की हा असा पाठवू नका. मुलाचा व्हिसा निघेल, पण पुढे कुठेतरी अडेल, आणि अडेल तेव्हा तुम्ही वाळवंटात असाल. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातील १५ वे कलम अशा दुरुस्तीसाठीच आहे. मूळ नोंद खोडली जात नाही. तिला हात न लावता बाजूच्या समासात दुरुस्ती लिहून, तारीख घालून सही होते. पाचपाखाडीला महापालिकेच्या मुख्यालयात अर्ज दिला, सोबत पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडले. दुरुस्तीच्या दिवशी तिथल्या बाईंनी मोठे रजिस्टर माझ्याकडे वळवून दाखवले. निळ्या शाईतली जुनी ओळ तशीच होती आणि तिच्या डावीकडच्या अरुंद जागेत, अक्षरे अंग चोरून बसावीत तशी, माझे बरोबर नाव लिहिलेले होते. नवा दाखला हाती आल्यावर त्याची साक्षांकनाची फेरी अगदी पहिल्या पायरीपासून सुरू झाली.

शाळेचे वेळापत्रक ही दुसरी अडचण. राज्य मंडळाच्या आपल्या शाळांचा निकाल महाराष्ट्र दिनाच्या सुमारास लागतो आणि अमिरातीतल्या भारतीय शाळांचे नवे वर्ष एप्रिलच्या सुरुवातीलाच उघडते. मुख्याध्यापिकांना हे आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे त्यांनी मुलाचे मूल्यमापन लवकर आटोपून दाखला दिला. त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणि पुढचे शिक्के घ्यायचे होते. त्याची आजवरची शाळा मराठी माध्यमाची होती. तिथे सीबीएसईचा इंग्रजी अभ्यासक्रम आणि सक्तीची अरबी, त्यामुळे जानेवारीपासून रोज संध्याकाळी मी त्याला गणिताचे शब्द इंग्रजीत घोटवत होते. मराठी आता घरी शिकवायची आहे. याबद्दल मला अनेकांनी हळहळून विचारले, पण घोडबंदर रोडवरच्या किती घरांत मुले मराठी वाचतात, हेही त्यांनी जरा पाहावे.

घर भाड्याने देणे तुलनेने सोपे गेले. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असा आपल्याकडे पक्का समज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकराराची नोंदणी करावीच लागते आणि ती न केल्याची जबाबदारी घरमालकावर येते. घरात स्वतः न राहता ते भाड्याने दिले म्हणून सोसायटीने बिनभोगवटा शुल्क मनाला येईल तसे लावले होते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा शासनाचा २००१ चा आदेश चिटणिसांपुढे ठेवल्यावर बिल गुपचूप सुधारून आले. भाडेकरूला मात्र घाम फुटला, कारण मालक अनिवासी असेल तर भाड्याची रक्कम कितीही लहान असो, भाडेकरूने ३० टक्के आणि वर उपकर कापून सरकारात भरायचा असतो. पहिले दोन इच्छुक एवढे ऐकूनच माघारी गेले. तिसरे स्वतः लेखापाल निघाले.

आता खसखशीबद्दल. अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे. अफूच्याच झाडाचे बी म्हणून ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि नेणाऱ्याला खरोखरच अटक होऊ शकते. नुसती पुडी वगळून भागत नाही. सासूबाईंचा मालवणी मसाला म्हणजे बेडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर आणि मूठभर खसखस. घरात आधीचा डबा भरलेला होता, पण तो नेण्यात अर्थ नव्हता. मग जांभळी नाक्यावरून मिरची आणून, गच्चीवर वाळवून, खसखशीविना नवा मसाला कांडपावर नेला. सासूबाईंनी कांडपवाल्याला आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला पुसून काढल्याशिवाय यंत्र सुरू करू दिले नाही. “त्याच्या खसखशीपायी माझी सून तुरुंगात जायची,” असे त्या मोठ्याने म्हणाल्या आणि रांगेतल्या बायका माझ्याकडे संशयाने पाहू लागल्या. दिवाळीचे अनारसे तिथे तिळावर थापायचे, हेही त्यांनी तेव्हाच ठरवून टाकले.

औषधांचेही तसेच. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडोल असलेल्या वेदनाशामक गोळ्या, आपल्याकडे घराघरांत सापडणाऱ्या या वस्तू तिथे नियंत्रित औषधांत मोडतात आणि तिथल्या सरकारची परवानगी आधी काढल्याशिवाय त्या नेता येत नाहीत. आमच्या डॉक्टरांनी मुलाच्या दम्याच्या औषधांची चिठ्ठी रासायनिक नावांसह छापून, सही करून दिली. बाकी औषधांचा डबा मी जाऊबाईंकडे डोंबिवलीला ठेवला. सासूबाईही आता तिथेच राहतात.

मार्चच्या शेवटी अबू धाबीला उतरलो. विमानतळापासून रुवैसपर्यंत ई-११ हा महामार्ग जातो, पुढे तोच सौदीच्या सीमेला भिडतो, आणि त्यामुळे त्यावर मालट्रकांची अखंड रांग असते. पहिल्या आठवड्यात माझी रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे झाला; १८ वर्षांखालच्या मुलांना ही तपासणी नसते. बोटांचे ठसे दिले. निवासाचा शिक्का २०२२ पासून पासपोर्टवर मारत नाहीत, एमिरेट्स आयडी या तिथल्या ओळखपत्राचे कार्डच तो पुरावा असते, आणि ते हाती येईपर्यंत बँक, मोबाइल, शाळेची फाइल, सगळेच अर्धवट राहते. माझ्या पदव्यांवरचा शेवटचा शिक्काही इथेच उमटला. शाळेने सर्व कागद एका बैठकीत स्वीकारले. ते घेणाऱ्या कारकुनांनी जन्मदाखल्यावरचे माझे नाव पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहिले.

गाव खरोखर छोटे आहे. वसाहतीतले घर ठाण्यातल्या घरापेक्षा मोठे, रस्ते रुंद, आणि जे दुकानात नाही ते अबू धाबीच्या पुढच्या फेरीपर्यंत नाही. पिण्याचे पाणी समुद्राचेच, खारेपणा काढलेले. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत उघड्यावर काम करण्यास कायद्याने बंदी असते. एप्रिलमध्ये मला ती अतिशयोक्ती वाटली होती, जुलैत वाटली नाही, कारण समुद्रकाठच्या दमटपणामुळे घराबाहेर पाऊल टाकताच चष्म्याची काच पांढरी होते. यजमानांच्या कामात हायड्रोजन सल्फाइडचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो वायू थोडा असताना. प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच जाते, म्हणून वास थांबला की धोका टळला असे समजायचे नाही, हे मुलगाही आता पाहुण्यांना सांगतो. वाळवंटातल्या शाह आणि हबशान इथल्या नैसर्गिक वायूतून वेगळे काढलेले गंधक मालगाडीने रुवैसच्या बंदरावर येते, आणि ती गाडी पाहणे हा त्याचा शुक्रवारचा कार्यक्रम आहे, कारण त्या दिवशी शाळा दुपारी लवकर सुटते.

वाहन परवान्याचे काम मात्र अजून चालू आहे. भारतीय परवाना इथे थेट बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा, प्रशिक्षणाचे तास आणि रस्त्यावरची चाचणी, सगळे पहिल्यापासून करावे लागते, आणि गाडी उजव्या बाजूने चालवायची असते. ठाण्यात मी रोज तीन हात नाक्यावरून स्कूटर चालवत असे, हे प्रशिक्षकांना सांगून पाहिले. त्यांनी मला पुढच्या आठवड्याचे तास लिहून दिले.