पन्हाळ्याच्या वाटेवरचा २२ मीटरचा कातळ: दोन बोल्टनंतरची भेग

कोल्हापुरातून सकाळी सहाला निघालं की आठच्या आत पहिला माणूस या कातळाखाली हार्नेस (कमरेचा सुरक्षापट्टा) बांधून चढायला उभा राहतो. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ असा नेहमीचा रत्नागिरी रस्ता. कारखाने सुरू असतात त्या दिवसांत अर्धा तास जादा धरा. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढं लागला की तो वळेपर्यंत त्याच्या मागंच राहावं लागतं.

वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कातळाखालची जमीन खासगी आहे आणि मालक आजवर आडकाठी करत नाहीत, ते तसंच राहू दे. घरासमोर गाडी लावून "काका, कातळाकडं जातोय" एवढं सांगायचं आणि बांधावरून जायचं. शाळू उभा असताना मधून वाट पाडू नये. पन्हाळ्याच्या तटाखालचे कडे मात्र डोक्यातून काढून टाका. किल्ला संरक्षित स्मारक आहे, २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. तिथं बोल्टच (भोक पाडून कातळात कायमचा बसवलेला स्क्रू) काय, पिटॉनसुद्धा (भेगेत ठोकायची खीळ) ठोकायचा नाही.

भिंत पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळं दुपारी बारापर्यंत सावली मिळते. नंतर काळा कातळ असा तापतो की बोटं घामानं सुटतात. पावसाळ्यानंतर भेगेतून पाणी बरेच दिवस झिरपतं, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. आधी खाली उभं राहून वर नीट बघा. ओव्हरहँगखाली (बाहेर झुकलेल्या खडकाखाली) आग्या मोहोळ लोंबत असेल तर तो दिवस सोडून द्या. आवाज, धूर, अत्तर काहीच नको, आणि रोपला (दोराला) लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

चढाई मध्यम आहे, अमेरिकन श्रेणीत साधारण ५.८. उंची २२ मीटर, म्हणजे खाली सोडायला ४४ मीटर रोप लागतो. ५० मीटरचा पुरतो, ६० चा असेल तर उत्तम. दोन्ही वेळा मोकळ्या टोकाला गाठ मारा. सोबत सहा क्विकड्रॉ (दोन कड्यांची आखूड पट्टी, रोप बोल्टला अडकवायला), ६० सेंटिमीटरच्या चार स्लिंग (गोल शिवलेल्या पट्ट्या), १२० च्या दोन, लॉकवाले चार कॅरॅबिनर (उघडमिटीच्या कड्या), मध्यम आकाराच्या नटांचा (चिरेत अडकवायच्या धातूच्या पाचरींचा) एक संच आणि कॅम (भेगेत उघडून दोन्ही भिंतींना टेकणारा आधार) चार: २० ते ३३ मिलिमीटरचा एक, २४ ते ४१ चे दोन, ३७ ते ६५ चा एक. १७ नंबरचा पाना खिशात असावा. हेल्मेट दोघांनाही, बिले देणाऱ्याला (खालून रोप धरून सांभाळणाऱ्याला) तर जास्तच.

पहिला बोल्ट ४ मीटरवर, दुसरा साडेसहावर. इथला बेसाल्ट घट्ट, पायाला बारीक कंगोरे मिळतात, सांगण्यासारखं फार नाही. दुसऱ्या बोल्टचा हँगर (बोल्टवरची भोकाची पट्टी) हातानं फिरवून बघा. नुसता हँगर फिरत असेल तर बोल्टवरचा नट पान्यानं बेतानं आवळा, जोर लावून नको, आटे तुटतात. बोल्टच भोकात हलत असेल तर तो नाहीच असं समजा.

इथून पुढं तिसरा बोल्ट १६ मीटरवर आहे, आणि बहुतेक चूक इथंच होते. तो खालून चकाकताना दिसतो, मधली भेग हाताला सोपी जाते, मग माणूस 'पटकन वर जाऊन रोप क्लिप करतो' म्हणत मधे आधाराला काही न लावता निघतो. हिशोब करून बघा. शेवटचा आधार साडेसहा मीटरवर आणि तुम्ही बारावर. सुटलात तर साडेपाचच्या दुप्पट, म्हणजे ११ मीटर खाली. उरला १ मीटर. तो रोपचा ताण आणि बिलेची ढील मिळून खातात. म्हणजे बाराच्या वर तुम्ही रोपला बांधलेले असूनही जमिनीवरच येता.

म्हणून भेगेत तीन आधार हवेतच. पहिला साडेआठ मीटरवर. इथं भेगेची उजवी कड हाताच्या पेरांनी ठोका, रिकाम्या माठासारखी वाजते. ती सुटी पाकळी आहे. तिच्यामागं कॅम बसवायचा नाही. कॅम ओढीच्या सुमारे दुप्पट जोर दोन्ही बाजूंना बाहेर लावतो आणि पाकळी उखडून तुमच्यासकट खाली येते. तिच्या डावीकडं हातभर खाली एक अरुंद चीर आहे, वर रुंद आणि खाली निमुळती. तिथं मध्यम नट वरून खाली सरकवून झटका द्या, तो रुतून बसतो.

दुसरा साडेदहावर, २४ ते ४१ चा कॅम. भेगेच्या दोन्ही भिंती इथं समांतर आहेत. कॅमच्या चारही पाकळ्या टेकलेल्या आणि तो साधारण अर्धा मिटलेला हवा, दांडा खाली ओढीच्या दिशेला. पूर्ण मिटवून कोंबला तर सेकंडला (मागून साहित्य काढत चढणाऱ्याला) तो निघता निघत नाही. यावर ६० ची स्लिंग लावाच. भेग इथून डावीकडं वळते आणि क्विकड्रॉ आखूड पडला की रोप कॅमला हलवत आत सरकवतो. अवघड जागाही हीच, अकरा ते बारा मीटर: उजवा हात भेगेत मूठ वळून, डावा पाय बाहेरच्या कडेवर, मग एकदम उंच पाऊल. हात भेगेत घालण्याआधी आत बघून घ्या, फुरसं असू शकतं.

तिसरा तेरावर, पुन्हा २४ ते ४१ चाच, आणि त्याच्या जोडीला एक नट. दोन का, ते वर बघितलं की कळतं. चौदा ते पंधरा मीटरचा पट्टा विटेसारखा तांबडा आहे. लाव्ह्याचा एक थर निवून त्यावर माती-मुरूम झाला, मग वरून दुसरा थर आला, त्यामधली ही रेघ. नखानं खरवडली तरी भुकटी निघते. यात कॅम दिसायला छान बसतो आणि ओढ बसताच खाच पाडून निघतो. इथं काहीही लावू नका, पाय सरळ खाली दाबा, लाथ मारल्यासारखा नको. खडे पडतातच, म्हणून बिलेवाला दुसऱ्या बोल्टनंतर डाव्या बाजूला सरकलेला असावा.

तिसऱ्या बोल्टपासून वर सोपं आहे. २१ मीटरवर दोन बोल्टचा अँकर (रोप अडकवून खाली उतरायची जागा). त्याच्या वरचा मीटरभर जांभा ढिसूळ आहे, गवतात पाय घसरतो, तिथं चढून बसायची हौस नको. १२० ची स्लिंग दोन्ही बोल्टना लावून स्लिंगच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. १२० अंशांना प्रत्येक बोल्टवर अर्धा नव्हे, अख्खा भार येतो. रोप थेट हँगरमधून ओवू नये, कड कापते. रिंगमधूनच ओवायचा.

आणि एक गोष्ट खालीच ठरवा: लीडर (पहिला चढणारा) बिलेवर, म्हणजे खालच्यानं सोडत, खाली येणार की रॅपल करणार, म्हणजे स्वतःच रोपवरून उतरणार? वाऱ्यात वरचं ओरडणं अर्धंच ऐकू येतं. 'ऑफ' (बिले सोड) ऐकलं म्हणून खालच्यानं रोप सोडला आणि वरचा रोपवर टेकला, असे अपघात जगभर होतात. खुणा ठरवा, आणि वजन टाकण्याआधी लीडरनं सुरक्षा स्लिंगवर राहूनच रोप ताणून बघावा.

लागलं-सवरलं तर १०८ ला फोन करा. मोठी सोय कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात आहे. निघण्याआधी गिअर मोजून पिशवीत भरा. शेतात पडलेला नट शाळू निघेपर्यंत सापडत नाही.