जुन्या रॅक प्रीअँपचा फोटो नको, अख्खं मशीन पाहिजे

गेल्या डिसेंबरात दादा न्यू जर्सीहून आला आणि आल्या आल्या बॅगेतून दोन टॉवेलांत गुंडाळलेला एडीए एमपी-१, म्हणजे गिटारचा आवाज मुख्य अँपच्या आधी घडवणारा जुना प्रीअँप, काढून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, "एकाच्या बेसमेंटमध्ये धूळ खात होता, भंगारात टाकणार होता, तू कॉलेजात याचंच नाव घ्यायचास ना, म्हणून आणला. चालतो का बघ." मला दोन मिनिटं काही बोलताच येईना. एकोणिसाव्या वर्षी ज्याचे नुसते फोटो बघितले ती वस्तू चाळिशी ओलांडल्यावर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मांडीवर, आणि वजन अगदी खरंखुरं.

झाकणावर मास्किंग टेपची एक पिवळी पडलेली पट्टी होती. त्यावर निळ्या पेनानं, बारीक अक्षरात, ७ क्लीन, १२ सोलो, १३ सोलो कोरस, ४० बॅलड. कुणीतरी कधीकाळी स्टेजच्या अंधारात वाचता यावं म्हणून लिहिलेलं. अमेरिकन मशीन १२० व्होल्टचं, म्हणून बुधवार पेठेत जाऊन स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला, जोडला, लाल आकडे पेटले, १२ नंबर लावला आणि आवाज काय तर नुसता फुसफुसाट. १३ वर एक बारीक शिट्टी. ४० वर काहीच नाही. झाकण उघडलं तर आत बोर्डावर लिथियमचा गोल सेल थेट सोल्डर केलेला, मीटर लावला तर जवळजवळ शून्य. प्रोग्रॅमची मेमरी त्या सेलवर जिवंत असते, सेल मेला की सगळे प्रीसेट, म्हणजे नंबर देऊन साठवलेले आवाज, जातात आणि त्यांच्या जागी वाट्टेल ते आकडे येऊन बसतात. म्हणजे पट्टीवर नावं शिल्लक आणि आवाज गेलेले. त्या माणसाचा सोलो कसा वाजायचा हे आता कुणालाच कळणार नाही.

मी सेल काढला, तिथं होल्डर बसवला, नवा सेल घातला. पण त्या रात्रीपासून डोक्यात हेच चाललंय की ह्या जुन्या रॅक प्रीअँपचं डिजिटल मॉडेलिंग, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नक्कल, व्हावं का, आणि व्हायचं तर कसलं. कारण गिटारवाल्यांत हा विषय निघाला की हमखास कुणीतरी म्हणतं, अरे लोकांनी ते टाकून दिले ते उगाच का, एकेका आवाजासाठी खरे अँप आहेत की, मार्शल आहे, फेंडर आहे, त्यांची मॉडेलं ढिगानं आहेत, ह्या ऐंशीच्या दशकातल्या डब्यांवर कशाला वेळ घालवायचा.

माझं मत सरळ आहे. व्हावं, नक्की व्हावं, पण आज ज्याला सगळे मॉडेल म्हणतात तसं नाही.

आधी हे डबे काय होते ते सांगतो कारण नव्या पोरांना खरंच माहीत नसतं. ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतले गिटारवाले फ्रीजएवढाले रॅक, म्हणजे मशीन एकावर एक बसवलेली कपाटं, घेऊन फिरायचे, बॉब ब्रॅडशॉसारखा माणूस त्यांना स्विचिंग सिस्टिम बांधून द्यायचा, पायाखालचं एक बटण दाबलं की प्रीअँप, डिले, रिव्हर्ब सगळं एकदम बदलायचं. १९८७ ला एडीएनं एमपी-१ काढला. एका रॅक युनिटच्या उंचीत १२एएक्स७ जातीच्या दोन ट्यूब (काचेच्या व्हॅक्यूम नळ्या), १२८ प्रीसेट, आणि सगळं मिडीवर, म्हणजे एका यंत्रानं दुसऱ्याला डिजिटल हुकूम द्यायच्या पद्धतीवर. ट्यूबचा आवाज नंबर टाकून बोलवायचा हे तोपर्यंत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गिटारवादक पॉल गिल्बर्टनं वाजवला, बाकीही कितीतरी जणांनी वाजवला. मग मेसा बूगीचा ट्रायअ‍ॅक्सिस आला, पाच ट्यूबवाला. १९९२ ला मार्शलचा जेएमपी-१ आला, दोन ट्यूब, १०० प्रीसेट, आयर्न मेडनचा डेव्ह मरे तो कितीतरी वर्षं वापरायचा. १ फेब्रुवारी २००८ ला मेडन मुंबईच्या बीकेसीत वाजले तेव्हा मी धुळीत उभा होतो, कुणाच्या मागे काय ठेवलंय ते मान उंचावून बघत होतो, स्टेजच्या मागचं काहीही दिसलं नाही पण आवाज अजून छातीत आहे.

आणि मग नव्वदीत ग्रंज आलं, लोकांना एक गिटार एक अँप एक पेडल हवं झालं, आणि हे सगळे रॅक रद्दीच्या भावात गेले. आवाज वाईट होता म्हणून गेले असं मला वाटत नाही, हवा बदलली म्हणून गेले.

आता मॉडेलिंगचं. १९९८ चा पॉड, २००६ चा अ‍ॅक्स-एफएक्स, २०११ चा केम्पर, ही सगळी नक्कल करणारी यंत्रं, आणि आता न्यूरल अँप मॉडेलर, ज्याला सगळे नॅम म्हणतात, तो तर फुकट आणि ओपन सोर्स. पद्धत सोपी आहे, ठरावीक दोनतीन मिनिटांचा आवाज मशीनमधून जाऊ द्यायचा, बाहेर आलेला रेकॉर्ड करायचा, दोन्ही फाइली न्यूरल नेटवर्कला द्यायच्या, ते शिकतं की आत हे गेलं तर बाहेर ते येतं. मी एमपी-१ चं पहिलं कॅप्चर, म्हणजे अशी शिकवलेली नक्कल, केलं तेव्हा एररचा आकडा ०.०१ च्या खाली आला, म्हणजे उत्तमच, डोळे मिटून ऐकलं तर मला स्वतःला फरक सांगता येईना. खूप आनंद झाला. दुसऱ्या दिवशी ओडी१, म्हणजे आवाज फाडायच्या पहिल्या पायरीचा आकडा, थोडा कमी करावासा वाटला आणि मग लक्षात आलं, कॅप्चरमध्ये ओडी१ नाहीच्चे. तिथं एक गेनचं बटण असतं पण ते आत जाणारा आवाज लहानमोठा करतं, एमपी-१ च्या पोटात जे घडतं ते करत नाही.

ह्याच जागी सगळं अडतं म्हणून जरा थांबतो. एमपी-१ मध्ये डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणं, दोन पायऱ्यांत होतं, ओडी१ आणि ओडी२. एकूण गेन तेवढाच ठेवून ओडी१ वर आणि ओडी२ खाली केला तर आवाज दाट, जरा चिकट, पिकिंग मऊ होतं. उलटं केलं, ओडी१ ३ वर आणि ओडी२ ८ च्या आसपास, तर तोच आवाज एकदम ताठ होतो, पाम म्यूट केलेली, म्हणजे तळहातानं दाबून वाजवलेली, खालची तार टक् टक् अशी सुटी सुटी ऐकू येते, करवतीसारखी एक कड येते. मी खालच्या ई तारेवर एकच फ्रेज सोळा वेळा वाजवली आणि प्रत्येक वेळी एक पायरी इकडची तिकडे केली, प्रत्येक वेळी हात आपोआप वेगळा वाजवायला लागतो. ज्यांनी हे मशीन वापरलं त्यांनी ह्या दोन आकड्यांमध्येच आपला आवाज शोधला. पट्टीवाल्या माणसानंही तेच केलं असणार. कॅप्चर म्हणजे त्या खोलीचा एक फोटो, खोलीत फिरता येत नाही.

बरं मग सगळे नॉब घालून ट्रेन करा ना, असं कुणीही म्हणेल, आणि तसं करता येतं. पण हिशोब बघा. ओडी१, ओडी२, मास्टर, बेस, मिड, ट्रेबल, प्रेझेन्स, सात नॉब. प्रत्येकाच्या फक्त पाच जागा धरल्या तरी ७८,१२५ जोड्या होतात, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे दिवसरात्र न थांबता १६० पेक्षा जास्त दिवस रेकॉर्डिंग. कुणी करणार नाही, आणि ट्यूबही तोवर म्हाताऱ्या होतील. ट्रेनिंगवाले सगळ्या जोड्या घेत नाहीत हे खरं, मधले मधले निवडतात, तरीपण आकडा डोक्यात असावा.

पण एमपी-१ चं सर्किट समजून घेतलं की वाट सापडते. त्याचा इक्यू, म्हणजे बेस, मिड, ट्रेबल, प्रेझेन्स, डिस्टॉर्शनच्या नंतर आहे. म्हणजे तो ट्यूबना त्रास देत नाही, आधी बनलेल्या आवाजाला फक्त आकार देतो, आणि असा इक्यू गणितानं हुबेहूब करता येतो, त्याला न्यूरल नेटवर्क लागतच नाही. मास्टरही तसाच. मग खरं शिकवायचं उरतं ते फक्त ओडी१ आणि ओडी२, पाच गुणिले पाच, पंचवीस रेकॉर्डिंग, सव्वा तास. हे एका संध्याकाळचं काम आहे! आणि हे फक्त त्यालाच सुचतं ज्यानं झाकण उघडून बघितलंय. ट्रायअ‍ॅक्सिसला ही युक्ती चालणार नाही, कारण मेसाच्या मार्क घराण्यात टोनचे नॉब डिस्टॉर्शनच्या आधी बसतात, तिथं ट्रेबल वाढवला की गेनचा पोतच बदलतो. म्हणून सगळ्या जुन्या प्रीअँपना एकच पद्धत लावणं हे मला मुळातच पटत नाही. प्रत्येकाच्या पोटात शिरावं लागतं.

कोरसचंही तेच. एमपी-१ मध्ये आतच स्टिरिओ कोरस, म्हणजे आवाज डोलवून दाट करणारा इफेक्ट, आहे, बॅलडच्या क्लीन आवाजाचा अर्धा जीव त्यात. कोरस सतत हलत असतो आणि कॅप्चर हलणारी गोष्ट धरू शकत नाही, म्हणून सगळे तो बंद करून कॅप्चर करतात आणि नंतर दुसऱ्याच कुठल्या तरी कोरसचं प्लगइन लावतात. मग ४० नंबरचं बॅलड कुठून येणार?

रॉकमन तर याहून अवघड. बोस्टन बँडचा टॉम शोल्झ, एमआयटीत शिकलेला इंजिनियर, पोलरॉइडमध्ये नोकरी केलेला, त्यानं १९८२ मध्ये रॉकमन नावाचा कमरेला लावायचा हेडफोन अँप काढला आणि पुढे त्याचेच अर्ध्या रॅकचे मॉड्यूल, त्यातला सस्टेनर हा सगळ्यात गाजलेला. त्यात ट्यूब एकही नाही. कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार दाबणारा भाग), डिस्टॉर्शन आणि माइक लावलेल्या कॅबसारखा, म्हणजे स्पीकरच्या पेटीसारखा, आवाज देणारे फिल्टर. डेफ लेपर्डच्या १९८७ च्या अल्बममधल्या गिटारी रॉकमनमधून गेल्यात. लोक म्हणतात, अरे तो स्वतःच नक्कल आहे, नकलेची नक्कल कशाला. मी म्हणतो, त्या आवाजावर एक अख्खी पिढी वाढली, आता तोच मूळ आहे. पण सस्टेनरचा कॉम्प्रेसर हळूहळू सुटतो, आत्ताच्या नोटेचा आवाज आधी काय वाजलं त्यावर ठरतो, आणि न्यूरल कॅप्चरला मागचं फारच थोडं आठवतं, सेकंदाचा एक तुकडा. त्यामुळं कॅप्चर सुरुवातीला छान वाटतं आणि लांब नोट धरली की मधेच खोटं पडतं. त्याला कॉम्प्रेसर वेगळा काढून, त्याच्या वेळा मोजून, सर्किटवरूनच बनवावा लागेल.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे, नुसता प्रीअँप म्हणजे अर्धा आवाज. रेकॉर्डवर जे ऐकू येतं त्यात ट्यूबचा पॉवर अँप आहे, कॅब आहे, माइक आहे, कन्सोल आहे. एमपी-१ ची लाइन थेट कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये घातली तर काचेवर माशी आपटत राहावी तसा आवाज येतो, नवा माणूस घाबरून बंद करेल. पण मला ही उलट सोय वाटते. पॉवर अँपचं स्पीकरशी जे भांडण चालतं, जोरात वाजवल्यावर व्होल्टेज बसतं, ते सगळं मॉडेल करायला खरंच अवघड, आणि प्रीअँपमध्ये ते नाहीच. लाइन आउट मोजता येतो, त्याच्यापुढे आपल्या आवडीचा पॉवर अँप आणि कॅबचा आयआर (त्या कॅबच्या आवाजाची मोजून ठेवलेली फाइल) लावा. म्हणजे मॉडेलिंगला सगळ्यात प्रामाणिक उत्तर देणारी जात हीच आहे, आणि हिच्याकडेच कमी लक्ष गेलंय. फ्रॅक्टलनं ट्रायअ‍ॅक्सिस आणि जेएमपी-१ आपल्या डब्यात घेतले, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. बाकी बहुतेक ठिकाणी ह्यांच्या नावाची कॅप्चरं मिळतात, नाव मोठं आणि आत एकच जागा.

आणि घाई यासाठी की ही मशीन टिकणार नाहीत. ट्यूब मिळतात, ट्यूबची काळजी नाही. सेल मरतो, जेएमपी-१ चं फिरवायचं चाक झिजतं आणि आकडे उड्या मारायला लागतात, जुने आयसी बंद झालेत, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर सॉकेट, जॅक सगळं हिरवं पडतं. मुंबई-कोकणात ज्यानं रॅक ठेवलाय त्याला विचारा, ऑगस्टात झाकण उघडलं की काय वास येतो.

तर सध्या काम असं चाललंय. पंचवीसपैकी अकरा जागा रेकॉर्ड झाल्यात, ओडी१ ची दुसरी पायरी पूर्ण, तिसरी नुकतीच सुरू. स्टेप-डाउनमुळं एक बारीक गुणगुण येत होती, पहिल्या चार फाइली त्यात गेल्या, अर्थिंग नीट केल्यावर परत केल्या. इक्यूचे कर्व्ह वेगळे मोजून ठेवलेत. कोरसचा वेग आणि खोली प्रत्येक आकड्यावर मोजायची अजून बाकी आहे, त्याला मला मदत लागेल, डीएसपी (आवाजावरचं डिजिटल गणित) येणारं कुणी असेल तर प्लीज कळवा, फाइली सगळ्या फुकट देणार आहे.

आणि कुणाकडे एमपी-१ किंवा जेएमपी-१ चालू स्थितीत असेल, प्रीसेट अजून शाबूत असतील, तर सेलला हात लावायच्या आधी प्रत्येक प्रोग्रॅमचे आकडे कागदावर उतरवा नाहीतर मिडीनं बॅकअप काढा. मला पाठवलेत तर मी जपून ठेवीन. १२ नंबर मी अजून रिकामाच ठेवलाय.