डिपर दे ना रे भाऊ

ऑक्टोबरातच लिहायचं होतं, राहून गेलं. जानेवारीत घरी जाऊन आले आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ऑक्टोबरातली ती रात्र. साडेनऊला पाळी संपवून मी घरी निघाले होते. आमचा वृद्धाश्रम गावाबाहेर आहे. तिथून माझं घर बावीस किलोमीटर, सगळा रस्ता शेतांमधून आणि जंगलाच्या कडेने जाणारा. दक्षिण जर्मनीतल्या अशा रस्त्यांवर गावं सोडली की दिवे नसतात. गाडीच्या डिकीत तांदळाची दोन पोती आणि मैत्रिणीचं सुटं केलेलं लोखंडी कपाट होतं. समोरून एक गाडी आली आणि तिने दोनदा डिपर मारला. मी डिपरवरच होते, म्हणजे दिवे खाली उतरवलेलेच होते, तरी मुठीतली कांडी चाचपून पाहिली. थोड्या वेळाने दुसरी गाडी आली, तिनेही मारला. तिसऱ्या वेळी मला राग आला. आपल्याकडचे कान-डोळे आहेत ना. समोरच्याने दोनदा लाइट मारला की त्याचा अर्थ एकच, ‘मी येतोय, तू थांब.’ पैनगंगेवरच्या अरुंद पुलांवर मी बाबांच्या मागे बसून हेच शिकले. पहिला डिपर ज्याचा, पूल त्याचा.

पेट्रोल पंपावर थांबले, तर मागची गाडी माझ्या मागोमाग आत वळली. पोटात धस्स झालं. त्यातून सत्तरीचे एक आजोबा उतरले. काचेजवळ येऊन म्हणाले, ‘तुमचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडताहेत.’ मग डिकीकडे बघून हसले आणि स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला असलेलं एक छोटं चाक मला दाखवलं. त्यावर 0 ते 3 आकडे होते. दीड वर्ष मी ती गाडी चालवत होते, पण त्या चाकाला कधी हात लावला नव्हता. मागे वजन वाढलं की गाडीची शेपटी बसते, नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून त्या चाकाने दिवा खाली घ्यायचा. आजोबांनी चाक 2 वर आणायला सांगितलं. मग गाडीपुढे दहा-बारा पावलं चालत गेले, माझ्याकडे तोंड करून गुडघ्यात वाकले आणि प्रकाशाची रेघ आपल्या पँटवर कुठे येते ते हाताने दाखवलं. मांडीवरून गुडघ्याखाली. अंगठा वर केला, गाडीत बसले आणि गेले. ते आले त्याच दिशेला परत गेले. म्हणजे एवढं सांगायला ते आपला रस्ता सोडून आले होते.

त्या रात्री मी घरी येऊन रडले. आजोबांमुळे नाही, बाबांमुळे.

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे मोटारपंपाची लाइन बरेचदा रात्रीच येते. गहू-चण्याला पाणी द्यायचं तर बारा-एकला उठून शेतात जावं लागतं. मागच्या रब्बीत बाबा असेच मोटारसायकलवर निघाले होते. समोरून एक चारचाकी अप्पर, म्हणजे वर उचललेला लांबचा दिवा, लावून आली. बाबांनी दोनदा डिपर दिला, समोरच्याने काही उतरवला नाही. बाबांना काहीच दिसेना. ते बाजूला घ्यायला गेले आणि खचलेल्या साइडपट्टीवरून नालीत पडले. मनगट मोडलं. गाडी थांबली नाही. मला हे कळलं तीन आठवड्यांनी, व्हिडिओ कॉलवर प्लास्टरचं टोक दिसलं तेव्हा. ‘तू तिकडे एकटी, तुले काय सांगायचं माय,’ म्हणाले.

बाबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला आहे. मी रोज म्हाताऱ्या माणसांत काम करते, म्हणून हे मला जवळून माहीत आहे. भिंग धूसर झालं की आत येणारा उजेड विखुरतो. समोरचा दिवा एक ठिपका न राहता सगळीकडे पांढरं धुकं होऊन पसरतो. तरण्या माणसाचंही उजेड गेल्याबरोबर लगेच भागत नाही. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो, चटक्यातून सावरायलाही काही सेकंद जातात. साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सतरा मीटर जाते. तीन सेकंद दिसलं नाही की पन्नास मीटर गेले. त्या पन्नास मीटरमध्ये आपल्याकडे बैलबंडी असते, कापसाने भरलेली ट्रॉली असते, रोही म्हणजे नीलगाय उभी असते, रातच्याला पाणी द्यायला चाललेला माणूस असतो.

आजोबा भेटल्यावर आठवडाभरात मी गाडीचे दिवे तपासून घेतले. इथे दर ऑक्टोबरात गॅरेजवाले दिव्यांची तपासणी फुकट करून देतात. 1956 पासून हे चालू आहे. अंधार लवकर पडायला लागतो म्हणून ऑक्टोबर. मिस्त्रीने एक पेटीसारखं यंत्र दिव्यासमोर आणलं, आतल्या पडद्यावर उजेडाची रेघ बघितली, पेचकसाने अर्धा फेरा दिला आणि काचेवर स्टिकर लावला. पाच मिनिटं. मी ड्रायव्हिंग शिकले तेव्हाही रात्रीच्या तीन तासिका सक्तीच्या होत्या. डिपर देण्यासाठी समोरची गाडी जवळ यायची वाट बघायची नाही, उजेड दिसताच द्यायचा, हे मास्तरांनी तिन्ही रात्री सांगितलं. लाइट मारायचाही नियम आहे. गावाबाहेर ओव्हरटेक करतोय हे कळवायला किंवा धोका असेल तेव्हा, एवढंच. मागून चिकटून लाइट मारत राहिलं तर तो गुन्हा ठरू शकतो. ऑटोबानच्या, म्हणजे इथल्या द्रुतगती मार्गाच्या, डाव्या लेनमध्ये तरीही मारतात, मी रोज बघते. तेव्हा जर्मन माणूस जन्मतः सभ्य असतो असं कुणी समजू नका.

आणि एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण इथले सहकारी भारतातल्या रस्त्यांचे व्हिडिओ बघून मला विचारतात तेव्हा माझं डोकं फिरतं. इथे रस्त्याच्या दोन्ही काठांना पांढरी रेघ असते आणि दर 50 मीटरवर चमकणारा खांब असतो. उजव्या बाजूच्या खांबावर एक उभी पट्टी, डाव्या बाजूच्या खांबावर दोन गोल टिकल्या. नुसत्या डिपरवर पुढचं वळण हातावरच्या रेषेसारखं दिसतं. असा रस्ता असताना डिपर देणं अवघड नाही. आमच्या आर्णीहून आत जाणाऱ्या रस्त्याला डांबर कुठे संपतं आणि नाली कुठे सुरू होते हे दिवसाही नीट कळत नाही. तिथे अप्पर लावणारा माणूस माजलेला असतोच असं नाही. तो घाबरलेला असतो.

रात्रीचे शिष्टाचारही मी पहिल्यांदा आपल्याच ट्रकवाल्यांकडून शिकले. मागे ‘यूज डिपर ॲट नाइट’ लिहिलेलं, पुढच्या दिव्यांच्या वरच्या भागाला काळा रंग दिलेला. मागच्याला जागा आहे की नाही हे इंडिकेटरने सांगायचे, समोरची गाडी दिसली की दोघंही उतरवायचे. जुने ड्रायव्हर अजूनही उतरवतात. काळा रंग गेला आणि ती सवयही पातळ झाली.

जानेवारीत भाऊ नागपूरला घ्यायला आला. बुटीबोरी, वर्धा, कळंब, यवतमाळ, हायवे चारपदरी. दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल दाट होती तिथे समोरचा उजेड अडत होता. ही झाडं नुसती शोभेची नसतात. जिथे वाळली होती तिथे मी डोळ्यांवर हात धरून बसले होते. आणि आमच्याच गाडीसमोरून येणारे लोक एकामागून एक डिपर मारत होते. मी विचारलं, ‘हे आपल्यालाच मारून राहिले का?’ भाऊ म्हणाला, ‘मारू दे ताई. नवीन एलईडी टाकले. दिवस निघाल्यासारखं दिसते.’

मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि पुढे जाऊन उभी राहिले. डिपर चालू होता आणि मला भावाचं तोंड, बोनेट, नंबरप्लेट, काही दिसेना.

जुन्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, अप्परची 60 वॅटची आणि डिपरची 55 वॅटची. डिपरच्या तारेखाली इवलीशी पत्र्याची वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून हेडलाइटच्या आतल्या चकचकीत आरशावरून तो फक्त खाली रस्त्यावर पडतो. हेडलाइटची सगळी घडण त्या तारेच्या जागेवर बेतलेली असते. त्यात बाजारातला एलईडी खोचला की उजेड निघण्याची जागाच बदलते आणि तो वर, बाजूला, सगळीकडे उधळतो. विकणारा हे सांगत नाही. आमचा भाऊ वाईट नाही. ज्या रात्री बाबा पडले, त्या रात्री त्यांना नालीतून उचलून आणणारा तोच. पण त्याला हे दोन्ही जोडून दिसलं नव्हतं, आणि मी रागावून बोलले ते जरा जास्तच बोलले. ‘तुले इथचं काय मालूम राह्यलं आता,’ म्हणाला. मी गप्प बसले. मग घरापर्यंत कुणीच बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच जुने बल्ब शोधून घेऊन आला. जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत सपाट आहे आणि समोरची जागाही. गाडी भिंतीला टेकवून दिव्याच्या मध्याच्या उंचीवर खडूने रेघ मारली. मग सरळ मागे दहा मीटर घेतली. पहिल्या रेघेखाली 10 सेंटिमीटरवर दुसरी रेघ. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या दुसऱ्या रेघेवर आली पाहिजे, डावीकडे मात्र ती थोडी वर चढते, कारण आपण डाव्या हाताने चालतो आणि काठ दिसायला हवा. उजवा दिवा जवळपास एक वीत वर होता. भाऊ बोनेटमध्ये वाकून पेचकस फिरवत होता, मी भिंतीजवळ ‘अजून खाली, अजून, बस’ करत होते. चार पोरं जमली. बाबा मफलर गुंडाळून आले.

मी त्यांना गाडीसमोर उभं केलं. आधी एलईडी लावून दाखवला, त्यांनी मान फिरवली. मग जुना बल्ब, सरळ केलेला. ‘डोळ्यात येते का बाबा?’ त्यांनी प्लास्टर निघालेला हात कपाळावर धरला, मग खाली घेतला. ‘नाही येत माय. आता गाडीत कोण बसलं ते दिसते.’

आणलेली लाल चमकणारी पट्टी आम्ही बंडीच्या मागच्या फळीला आणि काकांच्या ट्रॉलीला लावली. बाबांच्या मोटारसायकललाही. उरली ती भावाकडे आहे, शेजारच्या दोघांनी मागितली आहे.

परवा फोन झाला. भाऊ म्हणाला, ‘ताई, मी देतो डिपर. समोरचा देत नाही. तीनदा मारतो, चौथ्यांदा मलेही अप्पर करा लागते, नाही तं दिसतच नाही.’ मी त्याला मास्तरांनी शिकवलेलं सांगितलं. समोरच्या दिव्याकडे बघायचंच नाही, वेग कमी करायचा आणि नजर डाव्या काठाच्या रेघेवर ठेवायची. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘काठाले रेघ कुठं आहे ताई आपल्या रस्त्याले?’