वन-पीस पुन्हा सुरू, यावेळी वरच्या छातीच्या मापाने

मशीन परत चालतं झालंय. तेच जुनं पायमशीन, फक्त आता मोटर बसवून घेतली. शटलमध्ये अडकलेला धाग्याचा कचरा काढला, तेल घातलं आणि तेल कापडावर उतरायचं थांबेपर्यंत चिंधीवर टिपा मारल्या. साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई, मलमल असेल तर 11. मशीनचं एवढंच. बाकी सगळं मापाबद्दल आहे.

मला हवेत ते वन-पीस अगदी साधे: बिनकॉलरचा गोल गळा, कोपराच्या वर बाही, गुडघ्याखाली लांबी, दोन्ही कुशींत मोबाइल मावेल असे खिसे. लेस नाही, झालर नाही. फिटिंग बिघडलं की अशा कपड्यात ते लगेच दिसतं, म्हणून कात्री लावण्याआधी ड्राफ्टवरच, म्हणजे कागदावरच्या आखणीवरच, मुक्काम ठोकला.

शिवणक्लासच्या वह्या आठवा. झबलं, टोपडं, परकर, पोलकं, कागदाचे चिमुकले नमुने चिकटवलेले आणि शेजारी छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच वगैरे. छातीचं एक माप घेतलं की मुंढा (बाही जोडायची गोलाई), गळा, कधीकधी खांदासुद्धा त्यातूनच निघतो. पद्धत वाईट नाही, पण खांदे आणि छाती एकमेकांच्या प्रमाणात आहेत असं ती धरून चालते. माझी छाती सगळ्यात भरलेल्या जागी 39 इंच, आणि काखेतून वरच्या बाजूने टेप फिरवला तर 35. 39 वर आखलेला कपडा खांद्यावरून दंडावर उतरतो, गळा सुटतो. मग ढगळ दिसतं म्हणून कुशीत आत घ्यायचं, की छातीवर ताणलंच. टेलरकडे वर्षानुवर्षं हीच ओढाताण चालायची, आणि वर ऐकायचं की तुमचं अंगच तसं आहे!

आता ड्राफ्ट वरच्या छातीवरून. 35 मध्ये 2 मिळवून 37 चा आखला; बहुतेक छापील पॅटर्न एवढाच फरक गृहीत धरतात. राहिलेले 2 इंच फक्त पुढच्या भागात घालायचे, म्हणजे कागदावरच्या अर्ध्या भागाला 1 इंच. खांदा, गळा, पाठ यांना हात लावायचा नाही.

तर पुढच्या अर्ध्या भागाच्या कागदावर छातीचा पॉइंट, म्हणजे सगळ्यात पुढे येणारी जागा, काढला. गळ्याजवळच्या खांद्यापासून माझा साडेदहा इंच खाली येतो, मध्यरेषेपासून पावणेचार. पॉइंटपासून खाली घेरापर्यंत एक उभी रेघ, वर मुंढ्याच्या खालच्या भागात जाणारी एक तिरकी, आणि कुशीकडे एक आडवी. घेरापासून पॉइंटपर्यंत आणि तिथून तिरकं मुंढ्याकडे कापत गेले, पण मुंढ्याच्या टिपेवर कागद केसभर जोडलेला ठेवला. आडवी रेघ कुशीकडून कापली, ती पॉइंटजवळ जोडलेली. मग कुशीकडचा भाग बाहेर सरकवला, पॉइंटपाशी इंचभर फट पडेपर्यंत. असं केलं की कुशीत टक (उभार येण्यासाठी शिवायची निमुळती चुणी) आपोआप उघडतो, तो वेगळा मोजावा लागत नाही. मधला भाग खालून आखूड पडतो. तो आडवा कापून खाली सरकवला, मधे कागदाची पट्टी चिकटवली. कंबरेला आलेला जादा घेर ए-लाइन असल्याने तसाच राहू दिला. टक पॉइंटच्या इंचभर अलीकडे संपवा, नाहीतर तिथे टोक येतं.

कटोरी ब्लाउजमध्ये हेच काम वाटीच्या वेगळ्या तुकड्याने होतं. वन-पीस आखताना आपण ते का सोडून देतो, कोण जाणे.

नमुना मांजरपाटावर. आधी धुऊन खळ काढली, नाहीतर ते ताठ उभं राहतं आणि काही कळत नाही. टाका सगळ्यात लांब ठेवला, म्हणजे उसवायला त्रास नाही. खांदा पहिल्यांदा जागेवर बसला! छातीपासून मुंढ्याकडे जाणाऱ्या तिरक्या सुरकुत्याही गेल्या.

राहिला मुंढा. हात मोकळा हलावा म्हणून आपण मुंढा खोल कापतो, आणि होतं नेमकं उलटं. लोकलमध्ये वरची कडी धरली की मुंढ्याबरोबर अख्खा कपडा वर चढतो, कारण कुशीची शिवण काखेपासून लांब गेलेली असते. मुंढा अर्धा इंच वर घेतला, बाहीचा डोंगर, म्हणजे खांद्याकडचा वरचा उंचवटा, थोडा कमी करून बाही रुंद केली. आता हात वर केला तरी घेर जवळपास जागेवर राहतो. मैत्रिणींनो, बाकी काही नाही तरी एवढं नक्की करून बघा.

खरं कापड मंगळदास मार्केटमधून आणलं, निळ्या चौकटीचं सुती, 44 इंच पन्हा, पावणेतीन मीटर. रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापलं. चौकटी कुशीत जुळवायच्या तर टकाच्या खालून जुळवा. टकाच्या वर त्या जुळणं शक्यच नाही, तिथे जीव काढू नका. गळ्याला कापडातूनच काढलेली तिरकी पट्टी लावली, सव्वा इंच रुंद, कडेवर किंचित ओढून. कुशीत माया पाऊण इंच ठेवली, दिवाळीनंतर लागतेच. आतून इंटरलॉक दुकानातून करून घेतलं.

हा अंगात घालून ऑफिसला जाऊन आले. बसताना मागे कंबरेवर जरा झोळ येतो, पाठीची मधली रेघ तिथे अर्धा इंच कमी करावी लागेल असं दिसतंय. ते पुढच्यात बघते.

पुढचा खणाचा. खणाचा पन्हा आखूड, त्यामुळे पुढचा भाग प्रिन्सेस कटचे, म्हणजे छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणीचे, तुकडे करूनच बसवणार. टकाची जागा तीच शिवण घेईल. त्याला चेन लागेल, पण ती मागे नाही, डाव्या कुशीत. पाठीवरची चेन ओढायला सकाळी आठला माणूस कुठून आणायचं?