सीमारेषेच्या आतलं झाड

आज इंग्लंडमधल्या कँटरबरीला केंट या काउंटी संघाची क्रिकेट मॅच बघितली. लंचला प्रेक्षकांना मैदानात सोडलं आणि मी थेट झाडाखाली! लाइमचं झाड, म्हणजे आपलं लिंबू नव्हे, लिंडन. पानं पिंपळासारखी, पण कडांना बारीक दाते. झाड सीमारेषेच्या आत, चेंडू लागला की चौकार. जुनं झाड जानेवारी २००५ मध्ये वाऱ्यात पडलं, त्याच वर्षी हे लावलं. किती जीव लावतात ही माणसं मैदानाला!

जुन्या काळचा अष्टपैलू क्रिकेटपटू फ्रँक वुली केंटचाच. १९०६ ते १९३८ एकच काउंटी. फर्स्ट क्लासमध्ये, म्हणजे वरच्या दर्जाच्या अनेक दिवसांच्या सामन्यांत, ५० हजारांवर धावा, २ हजारांवर बळी, आणि यष्टिरक्षक नसताना हजारावर झेल. मला तर झेलच सगळ्यांत मोठे वाटतात. बराच वेळ स्लिपच्या, म्हणजे यष्टिरक्षकाच्या बाजूला झेलांसाठी उभं राहतात त्या जागेकडेच बघत उभा होतो.