तालिनमध्ये कंपनी काढली एका सकाळी, नाशिकात ती मार्गी लागली अकरा आठवड्यांनी

माझं छोटं सॉफ्टवेअर आहे. द्राक्षांच्या कोल्ड स्टोअरेजमधलं आणि कंटेनरमधलं तापमान नोंदवून ठेवायचं, बिघडलं की फोन करायचा, एवढंच त्याचं काम. निफाड-दिंडोरीकडचे निर्यातदार वापरत होते तोवर सगळं सरळ होतं. मग रॉटरडॅमच्या दोन आयातदारांना तेच हवं झालं, पण त्यांच्या लेखा विभागाला पुरवठादार युरोपीय संघातला हवा होता. म्हणून युरोपीय संघातला एस्टोनिया.

एस्टोनियाने २०१४ च्या डिसेंबरात ई-रेसिडेन्सी सुरू केली. परदेशी माणसाला सरकार एक डिजिटल ओळखपत्र देतं, त्यावर सही करून जगात कुठूनही तिथली कंपनी काढता आणि चालवता येते. नावात ‘रेसिडेन्सी’ असली तरी राहण्याचा हक्क मिळत नाही, व्हिसा मिळत नाही, कराच्या दृष्टीने तुम्ही तिथले रहिवासीही होत नाही. हे त्यांच्या संकेतस्थळावर ठळक लिहिलंय, तरी माझ्या ओळखीतले निम्मे लोक मला अजून ‘युरोपचा पासपोर्ट कधी?’ असं विचारतात.

अर्ज घरूनच केला. पासपोर्टची प्रत, फोटो, थोडक्यात कारण आणि दीडशे युरो शुल्क. कारण लिहिताना मोघम राहू नका. ‘व्यवसाय वाढवायचा आहे’ यापेक्षा ‘अमुक देशातल्या अमुक प्रकारच्या ग्राहकांना अमुक विकायचं आहे’ हे बरं. पार्श्वभूमीची तपासणी होऊन होकार येतो, मग कार्ड तुम्ही निवडलेल्या ठिकाणी जातं. ते स्वतःच जाऊन घ्यावं लागतं, कारण तिथे बोटांचे ठसे देतात.

आता पहिला सल्ला: नवी दिल्लीतल्या एस्टोनियाच्या दूतावासात ते मिळतं. फक्त कार्डासाठी तालिनला, म्हणजे एस्टोनियाच्या राजधानीत, जाऊ नका. मला रॉटरडॅमला जायचंच होतं, वाटेत तालिन केलं. शेंगेन व्हिसाचे नव्वद युरो, मुंबईहून थेट विमान नाही, आणि मी निवडला नोव्हेंबर! दुपारी चारच्या आत दिवेलागण. तिथे अंधारात पायी चालणाऱ्याने अंगावर परावर्तक लटकवायचा असा कायदाच आहे. हेलकुर म्हणतात त्याला. हॉटेलच्या बाईने मला न विचारता एक कोटाच्या खिशाला अडकवून दिला. छोटीशी चकती, पण त्या देशाचा स्वभाव मला तिच्यात दिसला: नियम आहे, आणि पाळायला सोपा करून ठेवलाय.

कार्ड टामसारे रस्त्यावरच्या पोलिस आणि सीमारक्षक मंडळाच्या सेवा केंद्रात घेतलं. पासपोर्ट, ठसे, सही, निळ्या डबीत कार्ड, कार्ड रीडर आणि पिनचा बंद लिफाफा. पंधरा मिनिटांत बाहेर. अख्ख्या देशाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत, म्हणजे आपलं नाशिक शहरच त्याच्याहून मोठं. रांग नसण्यामागे तेही कारण असावं, सगळं श्रेय संगणकाला नको.

पिन दोन असतात. पहिला ओळख पटवायला, दुसरा सही करायला. दुसऱ्याने केलेली सही हाताने केलेल्या सहीइतकीच कायदेशीर. तीन वेळा चुकला की कुलूप लागतं आणि ते लिफाफ्यातल्या पीयूके क्रमांकानेच उघडतं. मी रात्री हॉटेलात उत्साहाने बसलो, तीनदा चुकलो, आणि लिफाफा सकाळच्या कॅफेत विसरलेल्या पिशवीत. पिशवी दुसऱ्या दिवशी जागेवरच मिळाली. लिफाफ्याचा फोटो काढू नका, पण तो कुठे ठेवलाय ते लक्षात ठेवा.

मग कंपनी. तिकडच्या प्रायव्हेट लिमिटेडला ओसाऊहिंग म्हणतात, लिहिताना नावापुढे ओयू. ई-नोंदणीच्या पोर्टलवर नाव तपासायचं, व्यवसायाचा संकेतांक निवडायचा, भागधारक आणि संचालक म्हणून स्वतःला घालायचं, सही करायची, २६५ युरो भरायचे. पूर्वी किमान अडीच हजार युरो भांडवल लागायचं, ती अट फेब्रुवारी २०२३ मध्ये गेली, आता एका सेंटचा शेअरही चालतो. संचालक परदेशात राहत असेल तर एस्टोनियातला पत्ता आणि परवानाधारक संपर्क व्यक्ती लागते. सरकारी पत्रं तिच्याकडे येतात. ही सेवा विकणारे भरपूर आहेत. मला वर्षाला अडीचशेच्या आसपास युरो पडतात, हिशेबनीस वेगळा. स्वस्त दिसणाऱ्या योजनेत वार्षिक अहवालाचे पैसे धरलेत का, ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

बालती याम स्थानकाच्या बाजारात कोहुके खात होतो (चक्क्याची वडी चॉकलेटात बुडवलेली, श्रीखंड खाणाऱ्याला पहिल्या घासात ओळख पटते) तेव्हा नोंदणी झाल्याचा ईमेल आला. आईला फोन केला. ती म्हणाली, “म्हणजे तिकडे गाळा घेतलास का?” नाही. “मग माणसं ठेवलीस?” नाही. “मग आहे काय तिकडे?”

हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी बँकेने विचारला, जरा सभ्य भाषेत: एस्टोनियाशी तुमचा संबंध काय? माझ्याकडे ग्राहक हॉलंडचे, काम नाशिकचं, संबंध शून्य. खातं नाकारलं. राग यायचं कारण नव्हतं. एका डॅनिश बँकेच्या तिथल्या शाखेतून २००७ ते २०१५ मध्ये परक्या ग्राहकांचे सुमारे दोनशे अब्ज युरोंचे व्यवहार झाले, त्यातला मोठा भाग संशयास्पद होता, तेव्हापासून तिथल्या बँका परक्या ग्राहकाला भिंगातून बघतात. ई-रेसिडेन्सीबरोबर खात्याची हमी येत नाही. बहुतेकजण ऑनलाइन पैसे-सेवांमध्ये युरो खातं उघडतात, मीही तेच केलं. त्यांनीही ग्राहकांशी झालेले करार आणि जुनी बिलं मागितली. हे कागद इंग्रजीत तयार ठेवूनच निघा.

करांचं थोडक्यात. नफा कंपनीतच ठेवला तर कंपनीकर नाही. लाभांश वाटताना २०२५ पासून २२ टक्के, तोही असा की ७८ युरो हातात घ्यायचे तर २२ सरकारला. व्हॅट जुलै २०२५ पासून २४ टक्के. वार्षिक उलाढाल ४०,००० युरोंच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, ऐच्छिक घेता येते. पण ‘शून्य कर’ ऐकून कोणी हुरळून जाऊ नका. माझा सीए एका वाक्यात म्हणाला, “खुर्ची नाशिकात आहे ना? मग आयकर खातं इथे येणारच.” काम करणारा माणूस भारतात बसत असेल तर त्या कंपनीचं इथे कायमस्वरूपी आस्थापन (म्हणजे इथला कर लागू होईल असं कामाचं ठिकाण) धरलं जाऊ शकतं. भारत-एस्टोनिया दुहेरी कर टाळणी करार आहे, तो सीएबरोबर बसून वाचा.

आता खरं दुखणं. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशातल्या, शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचा एक शेअर घेतला तरी ती रिझर्व्ह बँकेच्या लेखी परदेशी थेट गुंतवणूक. नियम ऑगस्ट २०२२ चे. पैसे एलआरएसखाली (भारतातल्या व्यक्तीला परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना), वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेतून जातात. आधी बँकेत फॉर्म एफसी, मग त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक (यूआयएन), मग पैसे. आर्थिक सेवांचा धंदा करणारी कंपनी व्यक्तीला काढता येत नाही, आणि आपल्या ताब्यातल्या कंपनीखाली पोटकंपनीही चालत नाही.

मी काय केलं? भांडवलाचे शंभर युरो प्रवासाच्या फॉरेक्स कार्डातून देऊन मोकळा झालो. परत आल्यावर बँकेत सांगितलं तर फॉरेक्सच्या मॅडमनी चष्मा काढला. “सर, हे चलन तुम्हाला फिरायला दिलं होतं.” शंभर युरो हो, त्याहून जास्त मी व्हिसाच्या कागदांना घातले होते! फाइल मुंबईला गेली, परत आली. नोंदणीचा उतारा एस्टोनियन भाषेत होता म्हणून भाषांतर. पुन्हा गेली, पुन्हा आली. खुलाशाचं पत्र, विलंब शुल्क (ते साडेसात हजारांपासून सुरू होतं). सगळं मार्गी लागायला अकरा आठवडे गेले, तोवर रॉटरडॅमचं पहिलं बिल पाठवायची माझी हिंमत नव्हती.

त्यामुळे क्रम असा ठेवा की तिकीट काढण्याआधी बँकेत जा. कोपऱ्यावरच्या शाखेत नाही, परदेशी गुंतवणुकीचे फॉर्म पूर्वी भरलेत अशा शाखेत. त्यांना लागणाऱ्या कागदांची यादी लेखी घ्या आणि शेअर नावावर चढायच्या आत फॉर्म तयार ठेवा.

नंतरचं कामही कमी नाही. एस्टोनियाला वार्षिक अहवाल वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत. भारताला दर ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल, आणि कंपनी तुमच्या ताब्यात असेल तर तो ऑडिट झालेल्या हिशेबांवर. एस्टोनियात माझ्याएवढ्या कंपनीला ऑडिट लागतच नाही! म्हणजे तिथे नको असलेलं ऑडिट इथल्यासाठी करून घ्यायचं. हा खर्च कुठल्याही जाहिरातीत नव्हता. शिवाय आयकर विवरणात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा, तो न भरण्याचा दंड १० लाखांचा आहे. २०२४ पासून २० लाखांखालच्या स्थावर नसलेल्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, पण तक्ता चुकत नाही.

हे ऐकून आत्तापर्यंत तिघांनी मला ‘मग काढू का?’ असं विचारलं. दोघांना नको म्हटलं. त्यांचे परदेशी ग्राहक भारतीय बिलावर खुशीने पैसे देत होते, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरलेलं होतं, काहीच अडलेलं नव्हतं. तिसरीला ग्राहकाने लेखी अट घातली होती, तिची फाइल सध्या बँकेत आहे. कंपनी अजून काढलेली नाही.

कार्ड पाच वर्षं चालतं. आईने ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय, पिनचा लिफाफा दुसऱ्या कपाटात. पुढचं मी दिल्लीतच घेणार आहे.