सुंठीचे वेढे

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ अंशांवर गेला की भर दुपारी घराबाहेर पडू नये, हे इथे जन्मलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. तरीही परवा बँकेच्या एका कामासाठी मी बाराच्या उन्हात नवी पेठेत जाऊन आलो आणि चपला काढण्यापूर्वीच डाव्या भुवईच्या वर ठणका सुरू झाला. औषधांच्या डब्यात हात घातला, तर डोकेदुखीच्या गोळ्यांचे पाकीट होते, पण त्यात गोळी नव्हती. रिकामे पाकीट पुन्हा डब्यात ठेवणाऱ्या माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही; आमच्या घरात तो माणूस मीच आहे, ही गोष्ट वेगळी. औषधाच्या दुकानापर्यंत पुन्हा त्या उन्हातून जाण्याची हिंमत होईना, म्हणून ओट्याखालच्या कप्प्यातून आजीची सहाण बाहेर काढली.

ही देवाची सहाण नव्हे. देवाची चंदनाची, ती देव्हाऱ्याजवळ असते. ही औषधाची, तळहाताएवढी, मधोमध खळगा पडलेली. या दोघींची अदलाबदल आजीला खपत नसे. सुंठ-वेखंडाचा वास एकदा दगडात मुरला की देवालाही सर्दी झाल्यासारखे वाटेल, असे तिचे म्हणणे होते. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून मी सुंठीचा तुकडा फिरवू लागलो. सुरुवातीला नुसताच खरखर आवाज येतो आणि पाणी पाण्यासारखेच राहते. मग कडेकडेने ते पिवळसर राखाडी होऊ लागते, आवाज मऊ पडतो आणि बोटांना जाणवते की सुंठ आता उतरू लागली आहे.

सगळी मेख या वेढ्यांत आहे. तान्ह्या बाळाच्या गुटीत हळकुंडाचा एक वेढा, मुरुडशेंगेचे दोन, जायफळाचा अर्धाच आणि तोही बाळाने सगळ्यांना रात्रभर जागवले असेल तरच, असे आजीचे गणित असे. वेढा मोठा की लहान, हात जड की हलका, यावर मात्रा ठरायची. त्यामुळे आजीच्याच डब्यातली गुटी घरी नेऊन उगाळणारी एखादी शेजारीण ‘गुण येत नाही हो’ अशी तक्रार घेऊन दुसऱ्या दिवशी हजर होई, आणि आजी काही न बोलता तिच्यासमोर सहाण ओढून बसे. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नका असे बजावतात, आणि ते बरोबरच आहे. माझ्या पिढीने मात्र डोळे उघडून नीट पाहण्याआधीच मुरुडशेंग चाखलेली होती.

आमची गल्ली पूर्व भागाच्या तोंडाशी होती. एका बाजूला तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचे घर, दुसऱ्या बाजूला कन्नड बोलणाऱ्यांचे, मध्ये आम्ही. एका संक्रांतीला होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेत मी भजी, बर्फाचा गोळा आणि पुन्हा भजी अशा क्रमाने खाऊन आलो आणि रात्री पोट धरून बसलो. आजीने ओवा आणि काळे मीठ तळहातावर चोळून दिले. तेवढ्यात माझा आवाज ऐकून विणकरांच्या घरातल्या अक्का आल्या आणि त्यांनी पदराच्या गाठीतून ‘वामु’ काढून दिला. पाठोपाठ कन्नड काकू ‘ओमकाळू’ घेऊन आल्या. कोणालाही नाही म्हणणे शोभले नसते, म्हणून मी तिन्ही चिमटी चावून गिळल्या. तिन्ही भाषांतला तो ओवा एकच होता, आणि मधल्या मारुतीजवळच्या काष्ठौषधींच्या एकाच दुकानातून आलेला होता, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. जिभेला चटका देणाऱ्या त्याच्यातल्या द्रव्याला थायमॉल म्हणतात, हे तर त्याहूनही उशिरा कळले. त्या रात्री मात्र तिघीही आपापल्याच ओव्याने गुण आला असे समजून समाधानाने घरी गेल्या.

सर्दी झाली की वाफारा. पातेल्यात उकळते पाणी, त्यात गवती चहाची चार पाती, आणि डोक्यावरून सोलापुरी चादर. या चादरीची कीर्ती देशभर आहे, ती दोन्ही बाजूंनी वापरता येते वगैरे सगळे खरे. पण तिच्याखाली वाफारा घेणाऱ्या मुलाला आतून काय दिसते, हे कोणी लिहीत नाही. दिसतो तो ओला अंधार, आणि विणीच्या बारीक छिद्रांतून आलेले उजेडाचे ठिपके. बाहेर पडण्यासाठी चादर जराशी उचलली की आजीचा हात वरून दाबून बसे. ‘गप बस की, घाम येऊ दे.’ त्या उकळत्या पातेल्याजवळ लहान मुलाला बसवणे किती धोक्याचे होते, याचा विचार आता केला की अंगावर काटा येतो.

आजीचे सगळेच बरोबर असे, असेही नाही. उन्हाळ्यात माझा घोळणा हमखास फुटायचा. ती मला उताणे निजवून, मान मागे टाकून, टाळूवर पाणी थापायची आणि फोडलेला कांदा हुंगायला द्यायची. रक्त घशात उतरून मला मळमळायचे, आणि ती मळमळ कांद्याची समजली जायची. पुढे डॉक्टरांनी सांगितले की बसून, थोडे पुढे वाकून नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटे दाबून धरावा. इतके साधे होते ते, आणि त्याला कांदा लागतच नव्हता.

जुलाबांच्या बाबतीत मात्र ती बिनचूक ठरली. साखर-मिठाचे पाणी ती स्वतः चाखून बघे आणि डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागले तर ओतून देई. लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण मी नंतर वाचले. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून ठेवले, आणि ते रुग्णांना पाजण्याचे काम बरोबर आलेल्या नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आले. त्या छावणीत पेला धरून बसलेल्यांत आजीच्या वयाच्या कितीतरी बायका असतील, असे मला नेहमी वाटते.

एव्हाना माझी सुंठ उगाळून झाली होती. लेप पळीत घेऊन गॅसवर कोमट केला आणि कपाळावर ओढला. तो आधी गार लागतो, मग चुणचुणतो, मग वाळत जातो तशी कातडी ओढली जाऊन भुवया आपोआप वर चढतात आणि माणूस उगाचच आश्चर्यचकित दिसू लागतो. आजीच्या कपाळावर असा लेप मी एकदाही पाहिला नाही. तिचे डोके दुखले की ती ओल्या फडक्याची पट्टी करकचून बांधायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. उगाळायला कोणाला सांगितले नसेल, किंवा सांगूनही आम्ही ऐकले नसेल.

असा पडून डोळे मिटतो आहे, तोच गल्लीत ओरडा झाला, ‘पाणी आलंय!’ पाचव्या दिवशी आलेले पाणी, त्यातही अवेळी; लेप कपाळावर तसाच ठेवून मी धावलो. आधी पिण्याच्या घागरी, मग टाकी, मग बादल्या, शेवटी हाताला येतील ती पातेली. तासाभराने पाणी गेले तेव्हा शेजारच्या काकांनी माझ्या कपाळाकडे बोट दाखवून विचारले, ‘काय हो, काय लागलं?’ तेव्हा मला डोके आठवले. ते दुखत नव्हते. सुंठीवाचून खोकला गेला असे म्हणावे, तर सुंठ कपाळाला होतीच.